मानसिक आजारातून सावरलेली माणसं आपल्याला दिसत का नाहीत?

रानजाई

बरेच दिवस हा विषय डोक्यात होता, आज लिहूनच टाकते. माझ्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाचं चढतं आणि कधी अगदी खाली जातं असा आजार. (हे त्याला विचारून, त्याने सगळा मजकूर वाचून हो म्हटल्यावर लिहितेय.) विशीत पहिला एपिसोड आला तेव्हा रात्ररात्र झोप नाही, सतत बोलणं, उधारीवर वस्तू घेत सुटणं आणि त्यानंतर कित्येक महिने अंथरुणातून उठणंच नाही असं सगळं झालं. त्यावरचं लिथियम हे औषध सुरू झालं, डोस बसायला वेळ लागला पण बसला. आज तो नोकरी करतो, घराचे हप्ते फेडतो, मुलीचा अभ्यास घेतो, ठरलेल्या वेळी रक्त तपासून घेतो. आणि घराबाहेर हे कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नाही.

तर माझं म्हणणं असं की "मानसिक आजारी" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काय येतं, तर रस्त्यावर स्वतःशी बोलत फिरणारा, कपड्यांचं भान नसलेला माणूस. तो माणूस खरा आहे, त्याचे हाल खरे आहेत, पण तो उपचार न मिळालेला माणूस आहे. उपचार मिळालेला, सावरलेला माणूस तुमच्या शेजारच्या टेबलावर बसून हिशेब तपासत असतो आणि याबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं त्याला त्याच्या घरच्यांनीच बजावलेलं असतं. मग समाजाला दिसतात ते फक्त सगळ्यात वाईट अवस्थेतले लोक, त्यावरून सगळे ठरवतात की हा आजार म्हणजे आयुष्य संपलं, आणि ते ऐकून पुढचं घर आणखी घट्ट दार लावून घेतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१९ मध्ये जगात ९७ कोटी लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता, म्हणजे दर आठ माणसांमागे एक. आता आपल्या ओळखीतली माणसं मोजा आणि सांगा, त्यातली किती तुम्हाला माहीत आहेत?

बायपास झालेला माणूस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला किती ब्लॉकेज होते, ऑपरेशन किती तास चाललं सगळं सांगतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या छातीत दुखलं की त्याला निदान एवढं माहीत असतं की यातून माणसं उठतात. आमच्या घरात हे पहिल्यांदा झालं तेव्हा असा एकही माणूस आम्हाला माहीत नव्हता. खूप नंतर कळलं की बाबांच्या मावसभावाला हेच होतं, तेही याच गोळ्यांवर होते आणि व्यवस्थित संसार करत होते. आईबाबांनी ते सगळे महिने मुलगा हातचा गेला असं समजून काढले आणि काका त्या काळात दोनदा भेटायला येऊन, चहा पिऊन, "होईल सगळं ठीक" म्हणून निघून गेले. मला काकांचा राग नाही. त्यांनाही कुणीतरी बजावलेलंच असणार ना.

तुमचे अनुभव लिहा. कुणाला सांगितलंत का, सांगितल्यावर काय झालं, नसेल सांगितलं तर का नाही.

उंबरठा

काकांचं वाचून थांबले जरा. आमच्या ऑफिसमधला प्रकार सांगते. मला तीव्र डिप्रेशन होतं तेव्हा मी लांबलचक रजा घेतली आणि अर्जात पाठदुखी लिहिली. परत आल्यावर प्रत्येकजण पाठीची चौकशी करायचा, कुणी व्यायाम सांगायचं, कुणी चांगला हाडांचा डॉक्टर सुचवायचं, आणि मी मान डोलवत राहायचे. ते लोक मनापासून काळजी करत होते हो, पण ती काळजी माझ्यापर्यंत पोचतच नव्हती कारण ती भलत्याच आजाराची होती. एका खोट्यासाठी दुसरं खोटं, मग ते लक्षात ठेवायचं, त्यात आधीच डोकं चालत नाही. या लपवाछपवीचा थकवा आजारापेक्षा वेगळा असतो आणि त्याच्यावर गोळी नाही.

सागरगोटे

+१. वाचतेय.

जुनाखडू

चांगला धागा. मी शिक्षक होतो, आता निवृत्त. वर्गात सांगायचो त्यातल्या दोन गोष्टी इथे सांगतो, कारण रानजाई म्हणतात तेच त्यात दिसतं.

१९७२ साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाने उपाध्यक्षपदासाठी टॉमस ईगल्टन नावाच्या सिनेटरला उभं केलं. मग बातमी फुटली की त्यांना पूर्वी डिप्रेशनसाठी हॉस्पिटलात ठेवलं होतं आणि शॉक ट्रीटमेंट दिली होती. १८ दिवसांत उमेदवारी गेली. माणूस कामाला लायक होता की नव्हता तर पुढे १९८७ पर्यंत तो सिनेटर होता, लोकांनी पुन्हा पुन्हा निवडून दिला.

दुसरी गोष्ट नॉर्वेची. १९९८ साली तिथले पंतप्रधान शेल मागने बोन्देविक पदावर असतानाच डिप्रेशनने आजारी पडले. त्यांनी ताप आला, थकवा आला असलं काही सांगितलं नाही, डिप्रेशन आहे म्हणून रजेवर जातोय असं जाहीर केलं. तीनेक आठवड्यांनी कामावर आले. आणि २००१ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले.

आता देश वेगळे, काळ वेगळा, त्यामुळे सरळ तुलना करता येणार नाही हे मान्य. पण एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ईगल्टन यांच्या बाबतीत गोष्ट लपवलेली होती आणि ती दुसऱ्यांनी उघडी केली, त्यामुळे लोकांना आजार आणि लपवणं दोन्ही एकदम दिसलं. बोन्देविक यांनी स्वतःच सांगितलं, मग लोकांपुढे फक्त आजारी माणूस होता आणि तो बरा होऊन परत आलेलाही सगळ्यांनी बघितला. ते बरं होऊन परत येणं बघायला मिळणं, हेच तर इथे म्हटलंय.

सरळमार्गी

मी जरा वेगळं बोलणार आहे, रागावू नका. लोकांची भीती अगदीच बिनबुडाची आहे असं मला वाटत नाही. २०१५ मध्ये जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने विमान आल्प्समध्ये डोंगरावर घातलं, १५० माणसं गेली, आणि तो मानसिक उपचार घेत होता. हे वाचल्यावर माणूस घाबरला तर त्याला मागासलेला म्हणायचं का? आणि दुसरं, आजकाल परीक्षेत मार्क कमी पडले तरी मुलं डिप्रेशन म्हणतात, त्यामुळे ज्यांना खरंच आजार आहे त्यांचंही कुणी मनावर घेत नाही. मी दोन मुलांचा बाप आहे, माझ्या मुलीने उद्या असा मुलगा आणला तर मी काय करेन मला खरंच माहीत नाही, आणि इथे उगाच मोठेपणा आणून खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

पारिजातक

मी सायकियाट्रिस्ट आहे. सरळमार्गी, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत ते बरं केलंत, कारण मनात हेच ठेवून वरवर गोड बोलणारे जास्त भेटतात.

हिंसेबद्दल आधी. गंभीर मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कधीच कुणावर हात उचलत नाहीत. काही अवस्थांमध्ये, म्हणजे उपचार बंद आहेत, संशय टोकाला गेलाय, वर दारू किंवा ड्रग्ज आहेत, तेव्हा धोका वाढतो हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण समाजात होणाऱ्या एकूण हिंसेत या आजारांचा वाटा फार लहान आहे. उलट या माणसांना मार खावा लागतो, लुबाडलं जातं, अत्याचार होतात, याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्याची बातमी होत नाही.

आता विमान. त्या घटनेचा फ्रेंच तपास अहवाल २०१६ मध्ये आला, त्यात या प्रश्नाचाही विचार आहे की त्याने आजार कंपनीला का कळवला नाही. कारणं काय, तर लायसन्स गेलं की पगार जाणार, डोक्यावर कर्ज, आणि लहानपणापासून जे व्हायचं होतं ते करिअर संपणार. डॉक्टरांनी दिलेली रजेची चिठ्ठी होती, ती त्याने कंपनीला दिलीच नाही. त्याने केलं त्याचं समर्थन होऊच शकत नाही आणि डिप्रेशन असलेला माणूस असं करत नाही, ही अत्यंत दुर्मिळ घटना आहे. पण त्यावरून शिकायचं काय? नियम असा असेल की सांगितलंस की नोकरी गेली, तर आजारी वैमानिक विमानं उडवायचे थांबत नाहीत, फक्त सांगायचे थांबतात. अमेरिकेत २०१० पर्यंत डिप्रेशनची गोळी घेणाऱ्या वैमानिकाला उडायची परवानगीच नव्हती. मग काहीजण गोळी टाळून तसेच उडायचे आणि काही गुपचूप घ्यायचे. २०१० मध्ये तिथल्या यंत्रणेने चार ठरावीक औषधांना, तब्येत बराच काळ स्थिर असल्याच्या अटीवर, मान्यता दिली. फ्रेंच अहवालानेही वैमानिकांना न घाबरता बोलता येईल अशा सहकाऱ्यांच्या मदतगटांची शिफारस केली. म्हणजे सुरक्षितता हवी असेल तरीसुद्धा सांगणं सोपं करावं लागतं.

सरळमार्गी

या बाजूने विचार केला नव्हता. वैमानिकाचा मुद्दा पटला. मुलीचा अजून पटलेला नाही, पण वाचतोय.

निळाई

मला स्किझोफ्रेनिया आहे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय, तेही टोपणनावाने.

वर सगळे डिप्रेशन आणि बायपोलरबद्दल बोलताय आणि ते बरोबरच आहे पण आमच्या आजाराचं वेगळं आहे ते कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. डिप्रेशन आता थोडं तरी सांगता येतं, खेळाडू सांगतात, नट-नट्या सांगतात, लोक म्हणतात किती धीराची आहे. मला आवाज ऐकू यायचे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी दोन पावलं मागे सरकतो आणि मग माझ्या प्रत्येक वाक्यात वेडेपणा शोधायला लागतो. मी मोठ्याने हसले तर आजार, गप्प बसले तर आजार, चिडले तर "गोळी घेतलीस का?" मला साधं चिडायचाही अधिकार उरलेला नाही. घरातल्या भांडणात माझी बाजू बरोबर असली तरी शेवट "तिचं काय मनावर घेता" असाच होतो.

आणि आवाज आता येत नाहीत. बऱ्याच काळापासून नाहीत. मी अनुवादाचं काम करते, वेळेत देते, पैसे मिळवते. तरी घरात माझ्या नावापुढे तो आजार आहेच.

रानजाई, तुझा मुद्दा पटतो पण एक भीती वाटते. आम्ही दिसत नाही म्हणून कलंक टिकतो असं म्हटलं की पुढचं वाक्य येतं, मग तुम्ही पुढे या, बोला. म्हणजे आजार आम्ही सोसायचा, लोकांची नजर आम्ही सोसायची आणि लोकांना शहाणं करायचं कामही आम्हीच करायचं? माझी नोकरी गेली तर टाळ्या वाजवणारे भाडं भरणार आहेत का?

रानजाई

@निळाई, नाही गं, ते ओझं तुझ्यावर नाही. मला जे म्हणायचंय ते आधी घरच्यांना उद्देशून आहे. आम्ही सांभाळणारे, शुभंकर म्हणतात तसे, आमची नोकरी जात नाही, आमच्या प्रत्येक वाक्यात कुणी वेड शोधत नाही. तरी आम्हीच सगळ्यात जास्त लपवतो. आणि लपवताना आपल्या माणसाला काय सांगत असतो, तर तू लाजिरवाणा आहेस. माझ्या भावाने मला एकदा विचारलं होतं, पाहुणे आले की तुम्ही माझ्या गोळ्यांचा डबा का उचलून ठेवता? आईचा शुगरचा डबा तिथेच असायचा. त्याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. तेव्हापासून दोन्ही डबे टेबलावर असतात, आणि खरं सांगते, आजपर्यंत एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही.

उंबरठा

@निळाई, चिडायचा अधिकार उरलेला नाही हे वाक्य माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. तो पण मला गोळी घेतलीस का विचारतो. आज विचारणार नाही म्हणालाय, बघू.

पारिजातक

निळाई, तुम्ही लिहिलंत त्याला अभ्यासाचाही आधार आहे. आम्ही डॉक्टर मंडळी बरीच वर्षं असं समजत होतो की हा मेंदूचा आजार आहे, इतर आजारांसारखाच एक आजार आहे, हे लोकांना पटवलं की कलंक आपोआप जाईल. अमेरिकेत १९९६ आणि २००६ मध्ये एकाच पद्धतीने लोकांची मतं तपासली. मधल्या दहा वर्षांत मेंदूतलं कारण मानणारे लोक वाढले, उपचार घ्यावेत म्हणणारेही वाढले. पण असा माणूस शेजारी चालेल का, सोबत काम करायला चालेल का, घरात सून-जावई म्हणून चालेल का, या उत्तरांमध्ये सुधारणा झाली नाही. पुढच्या काही अभ्यासांत तर असं दिसलं की फक्त जीवशास्त्रीय कारण सांगितलं तर लोक रुग्णाला दोष कमी देतात खरं, पण मेंदूच बिघडलाय म्हणजे हा काही सुधारणार नाही असंही धरून चालतात.

शिवाय "मेंदूत एक रसायन कमी झालं" हे आम्ही पेशंटला समजावायला जे सोपं करून सांगतो ते तितकं सरळ नाहीच. अनुवंशिकता आहे, बालपणीचे आघात आहेत, झोप, नशा, एकटेपणा, गरिबी, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. औषधं काम करतात, पण म्हणून आजाराचं कारण एका ओळीत मावत नाही.

मोठ्या माणसांची मतं कशाने बदलतात तर सगळ्यात जास्त आधार प्रत्यक्ष ओळखीला आहे. म्हणजे आजारातून गेलेल्या माणसाशी बरोबरीच्या नात्याने भेटणं, बोलणं, काम करणं. २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने याच विषयावर मोठा अहवाल काढला, त्यातही सामाजिक संपर्क हाच सगळ्यात परिणामकारक उपाय असं म्हटलंय, आणि ही कामं आखताना आजार अनुभवलेली माणसं पुढे हवीत असंही. पण निळाईंचा इशाराही तितकाच खरा आहे. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, कधी सांगायचं नाही, हे ठरवण्यात मदत करणारे छोटे गट काही देशांत चालतात, ते कुणालाच "सांगाच" म्हणत नाहीत. नफा-तोटा मांडून ज्याचं त्याने ठरवायचं.

अबोल

डॉक्टर आलेत म्हणून विचारते, तुमच्या क्षेत्रातल्या कलंकाचं काय? माझ्या आईला स्किझोफ्रेनिया होता. शेवटच्या काळात पोटात दुखतं म्हणून सारखी सांगायची. मी तिला एका हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथल्या डॉक्टरांनी औषधांची यादी वाचली आणि त्यांचा चेहराच बदलला, त्यापुढे ते फक्त माझ्याशी बोलले, आईकडे बघितलंसुद्धा नाही. "यांना भास होतात ना, मग दुखतंय हेही तसंच असेल." पोट तपासायला हात लावला नाही. पित्ताशयात खडे होते, सूज होती, ते दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरने सोनोग्राफी केल्यावर कळलं तोवर ताप चढलेला. त्या दुखण्यातून ती उठली, पण त्यानंतर काहीही झालं तरी सांगायचीच नाही. कशाला सांगू, खरं कोण मानतंय, म्हणायची.

पारिजातक

अबोल, वाचून फार वाईट वाटलं, आणि हे एकट्या तुमच्या आईचं नाही. पेशंटच्या फाइलवर मानसिक निदान दिसलं की शरीराची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात टाकायची, ही आमच्या पेशातली जुनी आणि घातक सवय आहे. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं सरासरी १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि त्यात आत्महत्या आहेत पण जास्त मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुफ्फुसाचे आजार, इन्फेक्शन अशा टाळता किंवा आटोक्यात ठेवता येणाऱ्या कारणांचे असतात. आमच्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, म्हणजे या लोकांची तपासणी इतरांपेक्षा जास्त व्हायला हवी आणि होते कमी.

सोबत जाणाऱ्या घरच्यांना एक सांगतो. "नवीन लक्षण आहे, मानसिक आजार नसता तर तुम्ही याच्यासाठी कुठली तपासणी केली असती?" हा प्रश्न डॉक्टरला शांतपणे आणि थेट विचारा. आणि पेशंटशी बोला, माझ्याशी नको, असंही म्हणा. आम्हाला ते ऐकायची गरज आहे.

सागरगोटे

हा प्रश्न लिहून ठेवला. मला आत्यासाठी लागणार आहे.

जुनाखडू

मघाशी सांगायचं राहिलं. बेल्जियममध्ये गील नावाचं गाव आहे. मध्ययुगात तिथे मनोरुग्णांची संत मानल्या गेलेल्या डिम्फ्नाच्या चर्चमध्ये लोक आपली आजारी माणसं घेऊन यायचे, चर्चमध्ये जागा पुरेना तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली. ही पद्धत शतकानुशतकं चालत आली, नंतर सरकारी देखरेखीखाली, डॉक्टर आणि हॉस्पिटलच्या आधाराने. १९३०च्या दशकात साडेतीन हजारांहून जास्त माणसं अशी परक्या कुटुंबांत राहत होती. आज संख्या खूप कमी आहे पण पद्धत आहे अजून.

ती गावची माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. फरक एवढाच की तिथलं मूल जन्मल्यापासून बघतं की घरात एक काका आहेत, ते कधीकधी भिंतीशी बोलतात, आणि तेच काका आपल्याला शाळेत सोडतात. म्हणजे त्याला आजार दिसतो आणि आजाराबरोबर माणूसही दिसतो. मी वर्गात पस्तीसेक वर्षं उभा राहिलो, मानसिक आरोग्यावर भाषणं ठेवली, पोस्टर लावली, आणि आता वाटतं की त्या सगळ्यापेक्षा मुलांच्या रोजच्या बघण्यात एखादा सावरलेला माणूस असता तर जास्त उपयोग झाला असता.

सरळमार्गी

डॉक्टर, एक विचारायचं होतं. मोठा मुलगा गेले काही महिने खोलीतून बाहेर येत नाही, मित्र सुटले, जेवण कमी झालंय. मी वर मार्क वगैरे लिहिलं ते त्याच्यावरूनच लिहिलं होतं. परवा म्हणाला सगळं थांबलं तर बरं होईल. त्याला याबद्दल सरळ विचारलं तर डोक्यात नसलेला विचार मी घालेन अशी बायकोला भीती वाटते.

पारिजातक

सरळमार्गी, आजच विचारा. एकांतात, मोबाइल बाजूला ठेवून, स्पष्ट शब्दांत, "मरावंसं वाटतं का, जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांमधून वारंवार दिसलंय. बऱ्याच मुलांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. हो म्हणाला तर ओरडू नका, आईबापाची शपथ घालू नका, उपदेश नको, ऐकून घ्या. कसं करायचं ते ठरवलंय का, साधन जवळ आहे का तेही विचारा. तसं असेल तर त्याला एकटं सोडू नका, औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू हाताशी ठेवू नका आणि थेट इमर्जन्सीमध्ये न्या. नाही म्हणाला तरी या आठवड्यात दाखवाच. मी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

निळाई

दादा, त्याला हेही सांगा की हे झालं म्हणून तू माझ्या नजरेत कमी होत नाहीस. मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

सरळमार्गी

बोललो. हो म्हणाला, विचार येतात म्हणाला, ठरवलं काही नाहीये. खूप रडला, मीही. उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतली. बायको म्हणाली नातेवाइकांना काय सांगायचं, मी म्हटलं सध्या कुणाला काही सांगायचं नाही पण खोटंही बोलायचं नाही, कुणी विचारलं तर तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत, एवढंच. पुढचं तो बरा झाला की त्याला विचारून ठरवू.

रानजाई

दादा, फार बरं केलंत. हेच योग्य आहे, ठरवायचं त्यानेच.

कागदीहोडी

धागा सुरुवातीपासून वाचला, खास लिहायला खातं उघडलं. मला बायपोलर आहे, लिथियमवर आहे, बराच काळ काही त्रास नाही. ज्याच्याशी लग्न ठरवलंय त्याला अजून सांगितलेलं नाही. आई म्हणते लग्नानंतर सांग, तोवर गोळ्या पाकिटातून काढून दुसऱ्या डबीत ठेव. मैत्रीण म्हणते सांगितलंस तर मोडेल. आणि मला सगळ्यात जास्त काळजी मुलाबाळांची आहे, या गोळीवर मूल होऊ देतात का?

उंबरठा

लग्नाआधी सांग. मोडलं तर आत्ता मोडेल, नंतर मोडण्यापेक्षा कमी लागेल. आणि दुसऱ्या डबीत गोळ्या ठेवून रात्री अंधारात घेणं म्हणजे कधीतरी डोस चुकणार, चुकला की आजार उलटणार.

रानजाई

भावाने लग्नाआधी वहिनीला सांगितलं होतं. एका बैठकीत नाही, थोडं थोडं. आधी आजाराचं नाव, मग सगळ्यात वाईट काळ कसा होता ते, मग आता काय काळजी घेतो ते. आणि शेवटी म्हणाला की तुला डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर मी नसताना एकटीने जाऊन विचार. ती गेली, एकटीच. वहिनी म्हणते की त्या एका वाक्यामुळे तिने हो म्हटलं, कारण ज्याला काही दडवायचंय तो असं म्हणणार नाही. आता झोप कमी व्हायला लागली की सगळ्यात आधी तिच्या लक्षात येतं आणि ती डॉक्टरांना फोन करते. माहीतच नसतं तर तिला ते कळलं असतं का? सगळ्यांचं असंच होईल अशी खात्री मी देऊ शकत नाही, नकारही येऊ शकतो.

पारिजातक

कागदीहोडी, मुलांबद्दल. बायपोलर असलेल्या कितीतरी जणी आई झालेल्या आहेत, फक्त ते ठरवून आणि तयारीने करायचं असतं. लिथियमने गर्भाच्या हृदयात दोष राहण्याचा धोका थोडा वाढतो, पहिल्या तीन महिन्यांत आणि डोस जास्त असेल तर अधिक, पण एकूण तो कमीच असतो. दुसऱ्या बाजूला गोळी अचानक थांबवली तर आजार उलटण्याचा धोका मोठा आहे आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तर सगळ्यात नाजूक. त्यामुळे स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, दिवस राहिल्याचं कळल्यावर घाबरूनही नाही. दिवस जाण्याच्या बरंच आधी सायकियाट्रिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोलून घ्या. चालू ठेवायची ठरली तर गरोदरपणात लिथियमची रक्तातली पातळी खाली येते, म्हणून ती वारंवार तपासावी लागते, डोस बदलावा लागतो, आणि बाळंतपणाच्या सुमारास परत बदलावा लागतो. कुणी मध्येच व्हॅल्प्रोएट या बायपोलरवरच्या दुसऱ्या औषधावर आणायचं म्हणालं तर मूल हवंय हे स्पष्ट सांगा, ते औषध गर्भासाठी जास्त धोक्याचं आहे. बाळ झाल्यावर रात्रीची झोप मोडू न देणं हा तुमच्यासाठी उपचाराचाच भाग आहे, म्हणजे रात्री बाळाकडे बघणारं दुसरं माणूस घरात लागेल, आणि त्या माणसाला ते का करायचं हे माहीत असावं लागेल. पहिल्या भेटीलाच त्याला सोबत घेऊन या.